मात्रा जुळत नाहीत तेव्हा: वृत्त, यमक आणि पुनरावृत्ती कशी तपासावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुढच्या चार ओळींच्या मात्रा मोजल्यावर अनुक्रमे 20, 19, 21 आणि 22 असे आकडे आले. मग ही कविता वृत्तात आहे की नाही? आणि वृत्त, यमक, पुनरावृत्ती यांचं विश्लेषण करायचं म्हणजे नेमकं काय लिहायचं?

मुकी झोपलेली घरे आणि वाटा
किनाऱ्यास टेकून निःशब्द लाटा
कुणी जागते का कुणासाठि कोठे
दिव्याचे तुझ्या हे कडे होत मोठे

उत्तर: ओळी पूर्ण वृत्तात आहेत, चारही ओळी 20 मात्रांच्याच आहेत. चूक मोजणीत आहे आणि ती तीन वेगवेगळ्या कारणांनी झाली आहे. मराठी कविता मोजताना बहुतेक लोक याच तीन जागी अडखळतात, म्हणून आधी मोजणी पक्की करू आणि मग पुढे जाऊ.

आधी कान, मग पेन्सिल

कविता मोठ्याने तीनदा वाचा. पहिल्यांदा अर्थासाठी, दुसऱ्यांदा थोडा ठेका धरून, तिसऱ्यांदा हाताने टाळी देत. टाळी कुठे पडते आणि सगळ्या ओळींत ती सारख्या अंतराने पडते का, हे मोजणीच्या आधी कळायला हवं. वरच्या ओळी मनाच्या श्लोकांच्या चालीवर सहज म्हणता येतात. कानाने एवढं सांगितलं की अर्धं काम झालं. मग एखाद्या ओळीचा आकडा वेगळा आला, तर संशय कवीवर नव्हे, स्वतःच्या मोजणीवर घ्यायचा.

एक पथ्य: कविता चाल लावून गायलेली ऐकली असेल तर ती चाल बाजूला ठेवा. संगीतकार लघु अक्षर चार मात्रा लांबवू शकतो आणि गुरू अक्षर झटक्यात उरकू शकतो. गायलेल्या रूपावरून वृत्त ठरवणं म्हणजे शिवलेल्या कपड्यावरून ताग्याची लांबी सांगणं.

आता प्रत्येक अक्षर सुटं लिहा, दोन अक्षरांत जागा सोडून. अक्षर म्हणजे एक स्वर आणि त्याला चिकटलेली त्याच्या आधीची व्यंजनं. 'स्पर्श' ही दोन अक्षरं (स्प, र्श), 'अन्' हे एकच. हलन्त व्यंजनाला स्वतःचं स्थान नसतं, ते आधीच्या अक्षराला जड करतं. प्रत्येक अक्षरावर खूण करा: लघूला अर्धचंद्र, गुरूला आडवी रेघ. इथे मी 'ल' आणि 'गा' लिहितो. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन.

अ, इ, उ, ऋ हे स्वर असलेली अक्षरं लघु; आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ (आणि ॲ, ऑ) असलेली गुरू. अनुस्वार किंवा विसर्ग असलेलं ऱ्हस्व अक्षर गुरू. पुढच्या जोडाक्षराचा आघात आला तर आधीचं ऱ्हस्व अक्षर गुरू. एवढं शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. घोळ यातल्या 'आघात आला तर' या तीन शब्दांत आहे, कारण ते विसरून लोक 'जोडाक्षर दिसलं की आधीचं गुरू' असं यंत्रवत मोजतात.

'दिव्य' म्हणून पाहा. जीभ 'दिव्‌-व्य' अशी अडते, आघात 'दि'वर येतो, 'दि' गुरू. आता 'दिव्याचे' म्हणा, दिवा या शब्दापासूनचं. इथे जीभ अडत नाही. 'दि' हलकाच राहतो, लघु. लिपीत दोन्हीकडे 'दिव्य' दिसतं, उच्चारात नाही. 'तुझ्या', 'तुम्ही', 'कळ्या', 'गळ्यात', 'कुऱ्हाड', 'तऱ्हा' या शब्दांत जोडाक्षराच्या आधीचं अक्षर लघुच असतं. ढोबळ खूण अशी: 'या'ची जोड विभक्तीमुळे किंवा अनेकवचनामुळे आलेली असेल (दिवा-दिव्याचे, कळी-कळ्या), किंवा जोडाक्षर म्ह, न्ह, ल्ह, व्ह, ऱ्ह, ऱ्य असं असेल, तर बहुधा आघात नसतो. तत्सम शब्दांत (सत्य, पुण्य, विद्या, अक्षर) आघात असतो. 'बहुधा' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. शेवटचा निर्णय उच्चाराचा.

चौथ्या ओळीत 22 मात्रा आल्या त्या यामुळे. 'दिव्याचे' मधला 'दि' आणि 'तुझ्या' मधला 'तु', दोन्ही गुरू धरले गेले. दोन्ही लघु धरा: 20.

दुसऱ्या ओळीत उलट झालं. 'निःशब्द' मधला 'श' पुढच्या 'ब्द'मुळे गुरू धरला, ते बरोबर. पण 'निः'चा विसर्ग नजरेतून निसटला. 'निः' गुरू धरला की 19 चे 20 होतात.

तिसऱ्या ओळीची गोष्ट वेगळी. ओळीत 'कुणासाठि' असं ऱ्हस्व छापलेलं आहे, मोजताना ते सवयीने 'साठी' वाचलं गेलं. शुद्धलेखनाच्या नियमाप्रमाणे 'साठी'च हवं. पण वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घ बदलण्याची मोकळीक कवीला त्याच नियमांत दिलेली आहे. छापलेलं रूप मोजा, शब्दकोशातलं नाही. याची दुसरी बाजूही लक्षात असू द्या: एखादा संपादक किंवा टंकलेखक 'चूक सुधारून' 'साठी' करून टाकतो आणि वृत्त मोडतं. आठ ओळींत सात जुळल्या आणि एकच ओळ एका मात्रेने चुकत असेल, तर आधी दुसरी आवृत्ती बघा.

आणखी काही बारीक खाचा आहेत. 'कृ', 'मृ', 'गृ' ही जोडाक्षरं नाहीत. 'अमृत' तीन लघु आहेत, 'अ' वर कसलाही आघात नाही. मात्र 'विक्रम' मध्ये 'वि' गुरू. 'ज्ञ' आणि 'क्ष' ही जोडाक्षरंच, म्हणून 'विज्ञान'चा 'वि' गुरू. दुसऱ्या शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर असेल ('मन प्रसन्न'), तर मराठीत आधीच्या शब्दाचं शेवटचं अक्षर सहसा लघुच राहतं, कारण दोन शब्दांमध्ये आपण किंचित थांबतो; संस्कृत श्लोकात मात्र तो 'न' गुरू होतो. जुन्या छपाईतला अनुच्चारित अनुस्वारही असाच फसवतो: 'हंसणे' असं छापलेलं असलं तरी उच्चार 'हसणे' आहे, तो 'हं' लघु. उलट 'बोलणं', 'घरटं' यांतला शेवटचा अनुस्वार उच्चारात लांब असतो, तो गुरू. आणि शब्दाच्या शेवटी न उच्चारला जाणारा 'अ' वृत्तात पूर्ण मोजायचा: बोलताना आपण 'घर्‌' म्हणतो, वृत्तात 'घ' आणि 'र' हे दोन लघु.

चरणाच्या अगदी शेवटचं अक्षर लघु असलं तरी गुरू धरता येतं. म्हणून 16 मात्रांच्या कवितेत एखादी ओळ 15 ची भरली आणि ती लघूवर संपत असेल, तर तो दोष नाही.

कोणत्या घरातली कविता

खुणा करून झाल्या की प्रत्येक ओळीसाठी तीन गोष्टी लिहा: अक्षरसंख्या, मात्रासंख्या आणि लगक्रम, म्हणजे लघु-गुरूंचा क्रम. किमान चार ओळी घ्या. दोन ओळींवर निष्कर्ष काढू नका, योगायोग फार असतात.

लगक्रम ओळीओळीला तोच असेल तर अक्षरगणवृत्त. लगक्रम वेगळा, अक्षरसंख्या वेगळी, पण मात्रा सारख्या असतील तर मात्रावृत्त, म्हणजे जाती. मात्रा जुळत नाहीत पण अक्षरं सारखी, तर छंद. मराठी पद्याची वृत्त, जाती आणि छंद ही विभागणी माधवराव पटवर्धनांच्या 'छंदोरचना'त सविस्तर मांडलेली आहे आणि आजही कामाला तीच पुरते.

आपल्या ओळी:

मु की झो | प ले ली | घ रे आ | णि वा टा
ल गा गा | ल गा गा | ल गा गा | ल गा गा

बाकी तिन्ही ओळी अशाच पडतात. 12 अक्षरं, चार वेळा 'ल गा गा'. तीन-तीन अक्षरांच्या गटाला गण म्हणतात आणि गण आठ. 'यमाताराजभानसलगा' हा एक शब्द लक्षात ठेवला की झालं: कोणत्याही अक्षरापासून सलग तीन अक्षरं घ्या, पहिल्या अक्षराचं नाव म्हणजे गणाचं नाव आणि ती तीन अक्षरं म्हणजे त्याचा लगक्रम. यमाता: ल गा गा, हा य गण. राजभा: गा ल गा, र गण. नसल: तीन लघु, न गण. चार य गण म्हणजे भुजंगप्रयात.

गण पाडताना शब्द कुठे तुटतो याकडे बघायचं नाही. 'झोपलेली' हा शब्द दोन गणांत चिरला गेला तरी चालतं. शेवटी एक-दोन अक्षरं उरली तर ती सुटी, ल किंवा ग म्हणून लिहायची.

नाव शोधताना सगळी यादी चाळायची गरज नसते. अक्षरसंख्या आणि ओळीचा आरंभ बघा. 17 अक्षरं असतील तर आरंभीचे चार गुरू आणि मग पाच लघु म्हणजे मंदाक्रांता. एक लघु, मग पाच गुरू म्हणजे शिखरिणी. 'ल गा ल' ने सुरुवात झाली तर पृथ्वी तपासा. 15 अक्षरं आणि आरंभी सहा लघु: मालिनी. 19 अक्षरं आणि बाराव्या अक्षराला थांबा: शार्दूलविक्रीडित. 11 अक्षरांत इंद्रवज्रा आणि उपेंद्रवज्रा यांच्यात फरक फक्त पहिल्या अक्षराचा, पहिल्यात ते गुरू, दुसऱ्यात लघु. दोन्हींची सरमिसळ असेल तर उपजाती. नाव सापडलं नाही म्हणून अडून बसू नका. 'ओळीत अमुक अक्षरं, लगक्रम असा, थांबा इतक्याव्या अक्षरानंतर' हे लिहिलंत तर विश्लेषण पूर्ण आहे. नाव हा फक्त पत्ता.

मात्रावृत्तात वेगळीच काळजी घ्यावी लागते. ही जोडी पाहा:

गवतावरती दहिवर हसते
वाऱ्याला ते हळूच पुसते

पहिल्या ओळीत 13 अक्षरं, दुसरीत 10. मात्रा दोन्हीकडे 16, आणि दोन्ही ओळी 8 + 8 अशा तुटतात: गवतावरती | दहिवर हसते, वाऱ्याला ते | हळूच पुसते. हे पादाकुलक. आता पहिल्या ओळीऐवजी कोणी 'हसते पहाटे दव पानांत' असं लिहिलं तर? मात्रा मोजा, 16 च आहेत. तरी ओळ लंगडते. कारण 'हसते पहा' इथे सात मात्रा होतात आणि 'टे'ची एक मात्रा पहिल्या आवर्तनात, म्हणजे आठ मात्रांच्या पहिल्या गटात, आणि दुसरी पुढच्यात पडते. टाळी 'टे'च्या पोटात पडते. मात्रावृत्तात बेरीज जुळणं पुरेसं नाही, आवर्तनाच्या सीमेवर गुरू अक्षर आडवं येता कामा नये. 'मात्रा बरोबर आहेत, पण म्हणता येत नाही' या तक्रारीमागे जवळजवळ नेहमी हेच असतं.

आवर्तन आठ मात्रांचं असेल तर पद्मावर्तनी, सातांचं अग्न्यावर्तनी, सहांचं भृंगावर्तनी, पाचांचं हरावर्तनी. कमळाच्या पाकळ्या, अग्नीच्या जिभा, भुंग्याचे पाय, शंकराची तोंडं, असा हिशेब आहे. एकदा कळला की विसरत नाही. शेवटचं आवर्तन पुष्कळदा अपुरं सोडलेलं असतं, उरलेल्या मात्रा मौनाने भरतात. साकीच्या ओळीत 16 आणि 12 मात्रा असतात, म्हणजे 8, 8, 8, 4. शेवटच्या आवर्तनातल्या उरलेल्या चार मात्रा कानाला ऐकू येत नाहीत, पण टाळी त्या मोजते. काही ओळींत पहिल्या टाळीच्या आधीच दोन-तीन मात्रा येऊन जातात. त्या बाजूला काढल्या नाहीत, तर सगळी आवर्तनं सरकतात आणि आकडे बरोबर असूनही हाती काही लागत नाही.

आर्येबद्दल एक जाताजाता: 12, 18, 12, 15 ही आर्या. मराठीत आर्या म्हणून जे वाचलं जातं त्यातलं बरंचसं 12, 18, 12, 18 असतं, म्हणजे गीती. चौथा चरण मोजल्याशिवाय नाव लिहू नका.

छंदाच्या बाबतीत मात्रा मोजूच नका. 

अंधारल्या वाटा । पावलांना ठाव ।
कुणाचे ते गाव । दूर आहे ॥

6, 6, 6, 4 अक्षरं. दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक. हा मोठा अभंग. छंदात प्रत्येक अक्षर सारखंच लांबवून म्हणतात, त्यामुळे 'कुणाचे'तला 'कु' लघु आहे की गुरू, याने काही बिघडत नाही. आठ-आठ अक्षरांचे दोन चरण आणि शेवटी यमक असेल तर लहान अभंग. ग्रंथातली ओवी याहून मोकळी: साडेतीन चरण, पहिल्या तिन्हींना यमक, चौथा आखूड आणि यमकाविना, अक्षरसंख्या ठरलेली नाही. म्हणून ओवीत अक्षरं जुळत नाहीत असा शेरा मारणं हे वाचणाऱ्याचंच अज्ञान दाखवतं.

तिन्ही घरांत कविता बसली नाही तर घाईने 'मुक्तछंद' लिहू नका. आधी पाहा की कडव्यातल्या एकाआड एक ओळी (पहिली-तिसरी, दुसरी-चौथी) आपसांत जुळतात का. ध्रुपद एका मापाचं आणि अंतरा दुसऱ्या मापाचा, हे तर सर्रास असतं.

यमक: कुठून मोजायचं

यमकाचा माग शेवटच्या अक्षरापासून उलट काढायचा. व्यंजन वेगळं होईपर्यंत मागे जा. 'वाटा / लाटा': टा सारखा, त्याआधीचा 'आ' सारखा, मग व आणि ल वेगळे. यमकाचा भाग 'आटा'. 'कोठे / मोठे' मध्ये 'ओठे'. योजना लिहिताना ओळीशेवटच्या ध्वनीला अक्षर द्या: क क ख ख. चार ओळींत क ख क ख, क ख ख क, क क ख क अशा योजनाही भेटतील. यमक नसलेल्या ओळीला आडवी रेघ.

'हसते / पुसते' हे यमक मात्र ढिलं आहे. 'सते' जुळतं, पण त्याआधीचे स्वर अ आणि उ असे वेगळे आहेत. भावगीतात हे खपतं. गझलेत खपत नाही. ते का, ते या मतल्यावरून, म्हणजे गझलेच्या पहिल्या शेरावरून, दिसेल:

बंद झाले दार, येणे राहिले
हात भरले, मात्र देणे राहिले

दोन्ही ओळींच्या शेवटी जसाच्या तसा येणारा शब्द 'राहिले', तो रदीफ. त्याआधी 'येणे / देणे' हा काफिया. काफियातल्या न बदलणाऱ्या अक्षराआधीचा स्वर, इथे 'णे'च्या आधीचा 'ए', ती अलामत. मतल्याने 'ए' हा स्वर कबूल केला, म्हणून पुढच्या शेरांत 'घेणे', 'नेणे' चालतील; 'गाणे' (आ) किंवा 'बोलणे' (अ) चालणार नाहीत, जरी 'णे' सगळ्यांत असला तरी. वृत्त गालगागा गालगागा गालगा, म्हणजे मेनका. दुसऱ्या ओळीत 'भर' या दोन लघूंनी एका गुरूची जागा घेतली आहे. मराठी गझलेत ही सूट सर्रास घेतली जाते, काटेकोर अक्षरगणवृत्तात नाही. गझलेत रदीफालाच यमक समजणं ही नेहमीची चूक आहे. रदीफ पुनरावृत्ती आहे. यमक काफियात असतं. रदीफ झाका आणि उरलेल्या ओळी जुळतात का, ते बघा.

यमक खरं की प्रत्ययाचं, हे तपासायला प्रत्यय काढून पाहायचं. 'वाटेला / लाटेला': प्रत्यय काढला तरी वाट-लाट जुळतात. 'घरात / दारात': प्रत्यय काढला की घर-दार उरतात, ते जुळत नाहीत, यमकाचा भार 'त' या प्रत्ययावर आणि त्याआधीच्या 'आ'वर होता. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे ते/तो/ला/ले अशी यमकं फुकट मिळतात. ती कवितेत असणं दोष नाही, पण दहापैकी नऊ यमकं तशी असतील तर तशी नोंद करायलाच हवी. वरच्या चार ओळींत दोन्ही यमकं नामांची आणि विशेषण-अव्ययांची आहेत, एकही क्रियापद शेवटी नाही. लहान गोष्ट आहे, पण ओळींची घट्ट वीण तिथून येते.

ल-ळ, न-ण, स-श यांच्या जोड्या यमकात आल्या तर लिपी बघून नाकारू नका आणि कान बघून सरसकट स्वीकारूही नका. त्याच कवीने दुसरीकडे काय केलं आहे ते पाहा. आणि ओळीच्या शेवटाखेरीजही यमक शोधा. चरणाच्या मधल्या थांब्यावर यमक असू शकतं. एका ओळीचा शेवटचा शब्द पुढच्या ओळीच्या आरंभी घेतला असेल तर ते दामयमक.

पुनरावृत्ती: मोजून झाल्यावर वजन करा

तीन पातळ्यांवर शोधा. वर्ण (अनुप्रास), शब्द किंवा शब्दबंध, आणि पूर्ण ओळ (ध्रुपद, पालुपद). प्रत्येकीसाठी वेगळ्या रंगाची पेन्सिल घेतली की पानावरच नकाशा तयार होतो.

तिसऱ्या ओळीत 'क' चार वेळा आहे: कु (1), का (6), कु (7), को (11). नुसतं 'क'चा अनुप्रास आहे' असं लिहिण्यात काही राम नाही. जागा पाहा. दोन्ही 'कु' पहिल्या आणि सातव्या अक्षरावर आहेत, म्हणजे ओळीच्या दोन्ही अर्ध्यांच्या आरंभी, आणि दोन्ही लघु. 'कुणी' आणि 'कुणासाठि' हे दोन प्रश्नार्थी शब्द वृत्तात एकाच खणात बसले आहेत, त्यामुळे दुसरा शब्द पहिल्याचा पडसाद वाटतो. शब्द सारखा, विभक्ती वेगळी: जागणारा आणि ज्याच्यासाठी जागायचं तो. अशी नोंद उपयोगाची, कारण तिच्यात ध्वनी, जागा आणि अर्थ तिन्ही आहेत.

ओळीची पुनरावृत्ती असेल तर तीन प्रश्न विचारा. ती किती ओळींनी परत येते, ते अंतर बदलतं का? परत येताना तिच्यात काही बदलतं का, एखादा शब्द, काळ, विरामचिन्ह? आणि काहीच बदलत नसेल, तर मधल्या ओळींमुळे तिचा अर्थ सरकतो का? तिन्ही उत्तरं 'नाही' असतील तर ते ध्रुपद केवळ गाण्याच्या सोयीचं आहे, आणि तसं लिहायला हरकत नाही.

पुनरावृत्ती आणि भरताड यांत गल्लत होते. च, हे, ते, हा, रे, की, जणू यांसारखे शब्द मात्रा भरायला येतात, त्यांना पादपूरक म्हणतात. परीक्षा सोपी आहे: शब्द काढा, गद्यात वाक्य म्हणा, काही हरवलं का ते पाहा. चौथ्या ओळीतला 'हे' काढा: 'तुझ्या दिव्याचे कडे मोठे होत आहे'. फारसं काही हरवत नाही. दिवा डोळ्यांसमोर असल्याची जवळीक तेवढी कमी होते. हा 'हे' अर्धा भरतीचा आहे, असं मोकळेपणाने म्हणावं. उलट पहिल्या ओळीतल्या 'आणि'च्या जागी 'अन्' घालून पाहा: 'घरे अन् वाटा'. 11 अक्षरं, 19 मात्रा, ओळ पडली. म्हणजे 'आणि' वृत्ताला हवा आहे आणि अर्थालाही. त्याला भरताड म्हणता येणार नाही.

मोडतं कुठे, आणि त्याचं काय करायचं

विश्लेषणाचा खरा ऐवज बहुधा इथे असतो. नियम सापडल्यानंतर अपवाद दिसायला लागतात. भुजंगप्रयातात ओळीच्या मध्ये यती, म्हणजे ठरलेला थांबा, सक्तीची नाही. तरी आपल्या पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या ओळी सहाव्या अक्षरानंतर आपोआप थांबतात: मुकी झोपलेली | घरे आणि वाटा. दुसरी थांबत नाही. तिथे मध्य 'टेकून' या शब्दाच्या आत पडतो.

इथे मोह होतो: 'लाटांचा प्रवाह दाखवण्यासाठी कवीने यती मोडली'. जरा थांबा. ओळीतल्या लाटा निःशब्द आहेत, टेकलेल्या आहेत, वाहत नाहीत. शिवाय यती मुळात नव्हतीच, तर मोडली कशी? एवढंच म्हणता येईल की ही एकच ओळ मध्ये न थांबता सलग वाचावी लागते आणि त्यामुळे चौघींत वेगळी ऐकू येते. अर्थाशी नातं जोडायचं तर आणखी दोन-तीन ठिकाणी तसाच पुरावा हवा. एका जागेवरून अर्थ काढणं हा या क्षेत्रातला सगळ्यात पसरलेला रोग आहे, आणि त्याची लागण चांगल्या वाचकांनाच जास्त होते.

यंत्राने मोजणी करणारी साधनं वापरायला हरकत नाही, पण ती लिपी मोजतात. 'दिव्याचे' आणि 'दिव्य' यांतला आघात त्यांना सहसा कळत नाही, म्हणजे प्रश्नातली 22 मात्रांची चूक ती हमखास करतील. त्यांचा आकडा पडताळ्यापुरता घ्या आणि जिथे फरक येईल तेवढेच शब्द तोंडाने म्हणून पाहा.

लिहिताना क्रम असा ठेवा: आधी एका वाक्यात वृत्त आणि माप, मग एका ओळीचा लगक्रम मांडून दाखवा (सगळ्या ओळींचा नको, वाचणारा कंटाळतो), मग घेतलेल्या सवलती (इथे फक्त 'साठि'), मग यमकयोजना आणि यमकाची जात, मग पुनरावृत्तीच्या दोन किंवा तीन जागा, त्यांच्या अक्षरस्थानांसह. या चार ओळींसाठी ते एवढंच होईल: 'भुजंगप्रयात, 12 अक्षरे, य गण चार वेळा, 20 मात्रा. तिसऱ्या ओळीत वृत्तासाठी साठी-साठि. यमक क क ख ख, दोन्ही पूर्ण, प्रत्ययाधारित नाहीत. तिसऱ्या ओळीत कुणी-कुणासाठि ही आवृत्ती दोन्ही अर्ध्यांच्या आरंभी. दुसरी ओळ मध्ये न थांबणारी, बाकी तीन सहाव्या अक्षराला थांबणाऱ्या. चौथ्या ओळीतला हे अंशतः पादपूरक.'